संध्याकाळचे मैदान आणि मुलांचे गुडघे

(एका व्यायामशाळेच्या वार्षिकोत्सवात पालक, क्रीडाशिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारत विजयी ठरला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले आणि दोन्ही विजेत्या संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर ही नावे त्या आठवड्यात घरोघरी पोहोचली. ज्या खेळाची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभर वर्षांपूर्वी बांधून दिली, जो खेळ संघस्थानावर आणि शाळेच्या पटांगणावर पिढ्यान् पिढ्या मातीत खेळल्या, त्याला जगाच्या व्यासपीठावर स्थान मिळाले. आपल्याला आनंद झाला आणि तो रास्त होता.

त्याच वर्षी जुलै महिन्यात दुसरी बातमी आली. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला व कूर्चेला इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. हा तोच साबळे, ज्याचे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले होते. तीन हजार मीटरच्या त्याच्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. म्हणजे पस्तीस वेळा शरीर हवेत जाणार आणि पस्तीस वेळा त्याचा सारा भार एका पायावर येणार. इतका कसलेला, सैन्यात घडलेला धावपटू, आणि गुडघ्याने दगा दिला.

आज मला यशाविषयी बोलायचे नाही, गुडघ्याविषयी बोलायचे आहे. कारण अशी दुखापत केवळ मोनॅकोत होत नाही. ती जिल्हास्तरीय कबड्डीत होते, शालेय खो-खोत होते. तेथे कॅमेरे नसतात, वैद्यकीय पथक नसते, आणि पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी 'जरा मुरगळलंय' असे म्हणत घरी येते व पुन्हा मैदानावर दिसत नाही. हा विषय माझ्या शिक्षणाचा नव्हे, मी कलाशाखेचा माणूस आहे. परंतु या विषयावर गेल्या तीस वर्षांत जे संशोधन झाले आहे ते वाचता येते, समजून घेता येते आणि आपल्या भाषेत आपल्या माणसांना सांगता येते. पत्रकाराचा व्यवसाय तोच आहे.

माणसाचे शरीर हे यंत्र आहे आणि उत्तम खेळाडू म्हणजे उत्तम चालणारे यंत्र, ही कल्पना आपल्या मनात फार खोल रुजली आहे. एखादी हालचाल मुलाकडून शंभरदा करून घ्यायची, शंभरही वेळा ती हुबेहूब तशीच झाली की प्रशिक्षक समाधानाने म्हणतो, 'आता घोटलं गेलं!' या कल्पनेला पहिला मोठा तडा गेला तो मॉस्कोत, आणि गंमत अशी की यंत्रमानव घडवण्यासाठीच काढलेल्या एका संस्थेत.

रशियात क्रांतीनंतर, १९२० मध्ये, अलेक्सेई गास्तेव नावाच्या कवी-क्रांतिकारकाने 'केंद्रीय श्रमसंस्था' स्थापन केली. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने कामगाराच्या हालचाली घड्याळावर मोजण्याची जी पद्धत काढली होती, तिचा हा गास्तेव निस्सीम भक्त. कामगाराने हातोडा कसा मारावा याची एकच आदर्श हालचाल शोधायची आणि ती सर्वांना पढवायची, हा त्याचा ध्यास. या कामासाठी १९२२ मध्ये निकोलाय बर्नस्टाइन हा पंचविशीतला वैद्यकीय पदवीधर संस्थेत दाखल झाला. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या सांध्यांवर त्याने छोटे दिवे लावले आणि फिरत्या झडपेच्या कॅमेऱ्याने त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. अपेक्षा अशी की, वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या माणसाचा खांदा, कोपर आणि मनगट प्रत्येक घावाला एकाच मार्गाने जात असतील.

तसे आढळले नाही. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच ठिकाणी पडत होते. परंतु खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. खांद्यात थोडे कमी पडले तर कोपर ते भरून काढत होते, कोपर अधिक वळले तर मनगट सावरून घेत होते. कौशल्य साधनांच्या एकसारखेपणात नव्हते, ते साध्याच्या अचूकपणात होते. बर्नस्टाइनने यातून पुढे असा सिद्धान्त मांडला की, सराव म्हणजे तेच उत्तर पुन्हा पुन्हा गिरवणे नव्हे; सरावात माणूस तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवत असतो.

गास्तेवचे पुढे काय झाले? १९३८ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३९ मध्ये गोळी घालण्यात आली. बर्नस्टाइनच्या ग्रंथाला १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांच्या आत पाव्हलॉव्हच्या अधिकृत सिद्धान्ताला विरोध केल्याच्या आरोपाखाली त्याच्यावर बहिष्कार पडून प्रयोगशाळा हातची गेली. १९६६ मध्ये तो वारला. त्याचे निवडक लेखन १९६७ मध्ये इंग्रजीत आले तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाला त्याची थोरवी कळली. अमेरिकेतला भांडवलदार आणि मॉस्कोतला क्रांतिकारक एकमेकांचे वैरी, पण माणसाकडे पाहण्याची दोघांची दृष्टी एकच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. माणसाचे तुकडे करून त्याचा विचार करणाऱ्या दोन्ही विचारसरणींना त्यात त्यांनी दिलेले उत्तर आपल्या परिचयाचे आहे. बर्नस्टाइनचा विषय हातोड्यापुरता होता, पण सजीव आणि यंत्र यांतील भेद त्याला नेमका दिसला होता.

आता हातावरून पायाकडे येऊ. खुबा, गुडघा आणि घोटा हे पायाचे तीन मोठे सांधे. खुबा उखळीसारखा, सर्व दिशांना फिरणारा. गुडघा मुख्यतः बिजागरीचा. वाकलेला असताना थोडा वळतोही. घोटा आणि त्याखालची पाऊलसंधी वर-खाली तसेच आत-बाहेर हलणारी. हे तिघे स्वतंत्र नाहीत. मांडीमागचे स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातात, पोटरीचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. त्यामुळे एकाला धक्का लागला की तो तिघांनाही जाणवतो. एकत्र कुटुंबातल्या तीन भावांसारखे त्यांचे आहे. एकाला बांधून ठेवले की उरलेल्या दोघांचे कामही बिघडते.

याचे एक लोभस उदाहरण हॉलंडमधले आहे. बर्फावर वेगाने घसरण्याच्या शर्यतीत जुन्या बुटाचे पाते टाचेपर्यंत पक्के बसवलेले असे. शेवटचा रेटा देताना टाच उचलली तर पात्याचे टोक बर्फात रुतायचे, म्हणून खेळाडू घोटा जखडून ठेवायला शिकत. ॲम्स्टरडॅमच्या व्हान इंगेन शेनाऊ या प्राध्यापकाने दाखवले की घोटा जखडला की गुडघाही पूर्ण सरळ होण्याआधीच थांबतो. त्याच्या गटाने चवड्याखाली बिजागरी असलेला बूट तयार केला. टाच उचलली तरी पाते बर्फावर सपाट राहू लागले. जुन्या जाणकारांनी तो अनेक वर्षे नाकारला. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये मात्र या बुटांवर जुने विक्रम धडाधड कोसळले. मोकळा केला होता फक्त घोटा.

आपल्या घरांतील मुलांचे घोटे मात्र आज जखडत चालले आहेत. मांडी घालून जेवणे गेले, उकिडवे बसणे गेले, दिवसभर पायात बूट. सपाट टाच टेकवून उकिडवे बसता न येणारी दहा-बारा वर्षांची मुले मी पाहतो. घोटा पुरेसा वाकत नसेल तर उडीवरून उतरताना गुडघा कमी वाकतो आणि जमिनीचा धक्का अधिक बसतो, हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. खो-खोत पाटीवर बसलेल्या गड्याला 'खो' मिळताच उकिडव्या स्थितीतून तिन्ही सांधे एकाच झटक्यात उलगडून झेपावायचे असते. ज्याचा घोटा अडतो त्याचा गुडघा त्या झटक्यात आत झुकतो. हा आत झुकणारा गुडघा लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

बर्नस्टाइनचा विचार खेळाडूंच्या पायांच्या दुखापतींना स्पष्टपणे लावला गेला तो १९९९ मध्ये, अमेरिकेत. जोसेफ हॅमिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंचे दोन गट घेतले. एका गटातील मंडळींना गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असे, दुसऱ्या गटातील निरोगी होते. धावताना मांडी किती वळली आणि त्याच क्षणी नडगी किती वळली, अशा जोड्या त्यांनी पावलागणिक मोजल्या. अपेक्षा कोणाचीही हीच असणार की निरोगी धावपटूची पावले एकसारखी असतील आणि दुखणाऱ्याची डळमळीत. निघाले उलटे. निरोगी धावपटूंच्या सांध्यांचा मेळ पावलागणिक किंचित बदलत होता, आणि दुखणाऱ्यांचा मेळ ताठर, एकाच साच्यातला होता.

असे का असावे? विहिरीच्या काठावरच्या दगडाची आठवण करा. दोर रोज एकाच जागी घासला तर दगडालाही खाच पडते, तोच दोर थोडा इकडे-तिकडे सरकत राहिला तर दगड टिकतो. एक किलोमीटर मध्यम गतीने धावताना साधारण हजार पावले पडतात, प्रत्येक पायाला पाचशे. पाच किलोमीटरला एकेका गुडघ्यावर अडीच हजार आघात. ते सारे कूर्चेच्या एकाच ठिपक्यावर बसले तर काय होणार, हे सांगायला वैद्य नको. निरोगी शरीर तो भार वाटून घेते. शिवाय ज्याच्याकडे एक हालचाल करण्याच्या दहा वाटा आहेत, तो खड्डा आला तर अकरावी शोधतो. ज्याच्याकडे एकच वाट आहे तो त्या वाटेवरच पडतो.

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अर्धे सत्य घेऊन घोषणा देण्याची आपल्याकडे हौस आहे. दुखणाऱ्या गुडघ्याने वेदना टाळण्यासाठी स्वतःच ताठरपणा पत्करला असेल, हीदेखील शक्यता आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा एका अभ्यासातून ठरत नाही. पुढील संशोधनात असेही दिसले की गुडघ्याच्या बंधाची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या महिला खेळाडूंमध्ये दिशा बदलताना हे वैविध्य प्रमाणाबाहेर वाढलेले असते. तो लवचीकपणा नव्हे, ते हरवलेले नियंत्रण. घरातल्या आजी-आजोबांचे चालतानाचे पाऊल कधी लवकर, कधी उशिरा पडू लागले, तर ते पडण्याच्या धोक्याचे लक्षण मानतात. म्हणजे ताठरपणा वाईट आणि डळमळही वाईट. दोहोंच्या मध्ये एक पट्टा आहे, आणि खेळाडूची तयारी म्हणजे त्या पट्ट्यात राहण्याची शरीराची क्षमता.

लांब उडी मारणाऱ्याची धाव हे त्याचे सुंदर रूप आहे. डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये कसलेल्या महिला खेळाडूंच्या धावेतील प्रत्येक पाऊल कोठे पडते हे मोजले. पाऊलन् पाऊल मोजून ठेवलेली ती धाव. पण पावलांच्या जागांतील फरक धावता धावता वाढत जात होता. शेवटच्या काही पावलांत मात्र डोळे फळीवर जात आणि प्रत्येक पाऊल लांब किंवा आखूड करून तो फरक पुसला जात असे. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत आपल्या अंजू बॉबी जॉर्जने कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिच्याही पायांना त्या शेवटच्या पावलांत हेच करावे लागले असणार.

(संचलनाविषयी मनात प्रश्न येईल. शेकडो स्वयंसेवकांचे पाऊल एकाच ठोक्यावर पडते, मग तेथे वैविध्य कोठे? एकाची मांडी लांब, दुसऱ्याची आखूड, कोणाचा घोटा ताठ, कोणाचा सैल. प्रत्येकाचे तिन्ही सांधे वेगळ्या रीतीने काम करतात, म्हणूनच पाऊल एक पडते. एकता म्हणजे एकरूपता नव्हे, हे आपण एरवी म्हणतच असतो.)

आता त्या आत झुकणाऱ्या गुडघ्याकडे येऊ. गुडघ्याच्या आत तिरपा जाणारा एक पुढचा बंध असतो, ज्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा वेडावाकडा वळू नये याची राखण तो करतो. तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कोणी धक्का दिलेला नसतो. खेळाडू एकटाच उडीवरून उतरतो, किंवा हूल देऊन झटक्यात दिशा बदलतो. पाऊल जमिनीत रुतते, खुबा आत वळतो, गुडघा आत झुकतो, आणि बंध जातो. नॉर्वेतील संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांच्या अशा दहा दुखापतींची चित्रफीत बारकाईने तपासली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, पाऊल टेकल्यापासून सुमारे चाळीस सहस्रांश सेकंदांत बंध तुटला असावा. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. 'सांभाळ' म्हणून ओरडायला तर अवसरच नाही. मेंदूला धोका कळून स्नायूंना आज्ञा मिळेपर्यंत सारे आटोपलेले असते. म्हणजे सावरायचे ते पाऊल टेकण्यापूर्वी, हवेत असतानाच सावरले गेले पाहिजे; आणि हे शहाणपण सांध्यांच्या अंगात मुरलेले असावे लागते.

समान खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत दुपटीहून अधिक, काही खेळांत त्याहूनही पुष्कळ अधिक आढळते. शरीररचना, स्नायूंचे बळ, संप्रेरके अशी कारणे सांगतात. २००५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात, अचानक दिशा बदलताना मुलींच्या मांडी-नडगीच्या मेळात मुलांपेक्षा वैविध्य कमी आढळले. हे जन्मजात किती आणि आपण घडवलेले किती? मला येथे आपल्या घरांकडे बोट दाखवावेसे वाटते. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचे संध्याकाळचे खेळणे बंद होते. नेमक्या याच वयात हाडे झपाट्याने वाढतात, पाय लांब होतात, आणि मेंदूला त्या नव्या पायांची नव्याने ओळख करून घ्यायची असते. त्या दोन-तीन वर्षांत ती मैदानावर नसते. चौदाव्या वर्षी शाळेच्या संघात उंच मुली हव्या असतात म्हणून तिला निवडतात, दोन महिन्यांत कबड्डीची पकड शिकवतात आणि थेट मॅटवर उतरवतात. मौसीजी केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली तेव्हा मुलींच्या शारीरिक शिक्षणाला पहिल्यापासून स्थान दिले. त्या काळी समाजाचा विरोध होता. आज विरोध कोणी करत नाही, क्लासची वेळ आड येते.

मॅटचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. नॉर्वेच्याच हँडबॉलमधील अभ्यासात, अधिक पकड असलेल्या कृत्रिम पृष्ठभागावर महिलांच्या या बंधाच्या दुखापती लाकडी तक्तपोशीपेक्षा जास्त आढळल्या. मातीत पाय घसरतो, गुडघा खरचटतो, पण घसरलेला पाय कित्येकदा बंध वाचवतो. मॅट सोडा असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय खेळ मॅटवरच आहे. पण केवळ मॅट आणि तीही पहिल्या दिवसापासून, हा हट्ट कशासाठी?

आपल्या जुन्या खेळांकडे या दृष्टीने पाहिले की मौज वाटते. लंगडीत एका पायावर उड्या मारत, पळणाऱ्याच्या मागे, दर क्षणी दिशा बदलत जायचे. एका पायावर उतरण्याचे जे व्यायाम आज प्रयोगशाळा सुचवतात त्यांचा गाभा तोच. आट्यापाट्यात पाटी सोडायची नाही आणि आडवे धावायचे, म्हणजे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची खरी परीक्षा. सूरपारंब्यांत फांदीची उंची दर वेळी वेगळी, खालची जमीन वेगळी. उतरण्याचे असे शिक्षण कोणत्या क्रीडासंकुलात मिळेल? खो-खोत आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा उलटवता येत नाही आणि पळणारा हवा तसा वळतो. म्हणून एकाला आवर घालणे शिकावे लागते, दुसऱ्याला हुलकावणी.

परंतु आपल्या पूर्वजांना हे सारे विज्ञान ठाऊक होते असे म्हणून टाळ्या घेण्याचा मोह मी आवरणार आहे. त्यांना चांगले खेळ ठाऊक होते, एवढे पुरेसे आहे. आणि आपल्या व्यायामातही उणिवा आहेत. सूर्यनमस्कार आणि बैठका यांबद्दल मला नितांत आदर आहे. घोटा आणि खुबा मोकळा ठेवायला त्यांच्यासारखे दुसरे नाही. पण त्या हालचाली पुढे-मागे आणि वर-खाली होतात. त्यात आडवे धावणे नाही, उडी नाही, अकस्मात वळणे नाही. रोज शंभर नमस्कार घालणाऱ्या मुलाचाही गुडघा उतरताना आत झुकू शकतो. लंगडीचेही तसेच. प्रत्येक मूल आपल्या आवडीच्या पायावरच लंगडी घालते, दुसरा पाय वर्षानुवर्षे अडाणी राहतो.

आज पालकांचा कल वेगळीकडे आहे. सातव्या-आठव्या वर्षी मुलाला एका खेळाच्या अकादमीत घालायचे, बारा महिने तोच खेळ, सकाळी एक सत्र, संध्याकाळी एक. अमेरिकेत सात ते अठरा वयोगटातील हजाराहून अधिक खेळाडूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच खेळाला जुंपलेल्या मुलांमध्ये अतिवापराच्या दुखापतींचा धोका अधिक दिसला. एक सोपा हिशेबही त्यातून मिळाला: आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे. साबळेचे बालपण पाहा. घरापासून शाळा सहा किलोमीटर दूर, आणि ते अंतर तो पायी कापायचा. अडथळ्यांची शर्यत त्याच्या आयुष्यात आली ती सैन्यात गेल्यावर.

काय करता येईल, याचे एक चांगले उदाहरण नॉर्वेतच आहे. तेथील १२५ फुटबॉल क्लबांमधील तेरा ते सतरा वर्षांच्या १,८९२ मुलींवर झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या क्लबांनी सरावाआधी वीस मिनिटांची एक विशिष्ट पूर्वतयारी केली, उरलेल्यांनी नेहमीसारखा सराव केला. पायांच्या एकूण दुखापतींतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे. पण सर्व प्रकारच्या दुखापती मिळून सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. यासाठी ना यंत्र लागले ना परदेशी प्रशिक्षक. थांबत-वळत धावणे; एका पायावर तोल सांभाळताना जोडीदाराने हळूच ढकलणे; गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरले असता, कंबर न वाकवता सावकाश पुढे झुकणे; उडी मारून मांजरासारखे आवाज न करता उतरणे; आणि उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहील हे पाहणे. हे आपल्या कोणत्याही मैदानावर उद्यापासून होऊ शकते.

माझी या व्यायामशाळेला विनंती आहे. सरावाची पहिली वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस तरी, याला द्यावीत. संघात निवड झालेल्या मुलांनाही आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांचा खेळ सोडून दुसरे काही खेळू द्यावे. लंगडी असेल तर एक डाव उजव्या पायाचा आणि एक डाव्याचा, हा नियमच करावा. मॅटवर खेळणाऱ्यांनी मातीत उतरावे, अनवाणी उतरावे, काचा-खडे वेचून घेऊन. शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या पावलाचा कोन मोजून दुरुस्त करत बसू नये. काय साधायचे ते सांगावे आणि शरीराला वाट शोधू द्यावी. एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी, ती म्हणजे आत झुकणारा गुडघा. आणि ज्याचा बंध तुटला त्याला शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने तरी स्पर्धेत उतरवू नये. २०१६ मधील एका अभ्यासानुसार, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवले तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका प्रत्येक महिन्यागणिक जवळजवळ निम्म्याने घटत गेला. आंतरशालेय चषकाची तारीख त्यासाठी थांबणार नाही. न थांबो.

पालकांसाठी एवढेच सांगतो की, मुलींचा संध्याकाळचा वर्ग सहा ते साडेसात या वेळेत चालतो आणि सध्या त्यात जागा आहे, असे संचालकांनी मला आताच सांगितले. अकरा ते चौदा वयोगटासाठी वेगळी नोंदणी बाहेरच्या मेजावर सुरू आहे. आपल्यापैकी ज्यांना गुडघ्याच्या उपचारांविषयी विचारायचे असेल त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत अस्थिरोगतज्ज्ञ बसले आहेत. ते प्रश्न मला न विचारता त्यांना विचारावेत.